आईस पत्र: कृपा ही उचल नव्हे

ऑग्सबुर्ग, जर्मनी

प्रिय आईस,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

मागच्या रविवारी फोनवर तू म्हणालीस, की गुडघ्यांमुळे मिरजेच्या चर्चला जाणे बंद झाले, महिला मंडळ सुटले, आजाऱ्यांच्या भेटी थांबल्या, आणि आता देवापुढे काय घेऊन जाऊ, हेच कळत नाही. तेव्हा मी तुला धीर दिला. पण तुझ्या प्रश्नाला उत्तर हवे होते, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. बाबांना ते मोठ्याने वाचायला सांग आणि पवित्र शास्त्र जवळ असू दे.

तुझ्या पॉकेट डायरीची मागची पाने मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. पेन्सिलीने लिहिलेला महिन्याचा दशांश, मंडळाची वर्गणी, कोणाच्या बाळंतपणाला डबा पोचवला, कोणाच्या उशाशी रात्र काढली. त्या नोंदींत दिखावा नाही, हे मी जाणते. प्रेषित पौलाजवळही अशीच एक यादी होती. फिलिप्पैकरांस पत्राच्या 3ऱ्या अध्यायात ती आहे: आठव्या दिवशी सुंता झालेला, बन्यामिनाच्या वंशातला, परूशी, नियमशास्त्राच्या बाबतीत निर्दोष. यातली एकही नोंद खोटी होती असे तो म्हणत नाही. तरीही ख्रिस्त मिळावा म्हणून ती सारी त्याने केरकचऱ्यासारखी मानली आणि विश्वासाने देवाकडून मिळणारे नीतिमत्त्व, म्हणजे देवापुढे निर्दोष ठरणे, धरले. पापी माणसाने पाप टाकावे, हे कोणालाही पटते. पण जिने जन्मभर लोकांचे केले तिने आपल्या पुण्याईवरही भिस्त ठेवू नये, हे पटायला फार जड जाते, आणि मला वाटते तुझे नेमके तिथेच अडले आहे.

आपल्या भागात ऊसतोडीला येणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात, मग सारा हंगाम ती फेडण्यात जातो, आणि फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. आपल्यातली पुष्कळ विश्वासी माणसे कृपेला अशीच उचल समजतात: तारण, म्हणजे पापातून सुटका, आधी फुकट मिळाले खरे, पण पुढे उपास, प्रार्थना, देणगी आणि सेवा यांनी ते फेडत राहायचे, आणि अंग थकले की बाकी राहिली म्हणून धास्तावायचे. इफिसकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायातली 8वी आणि 9वी ओवी तुला पाठ आहे. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, देवाचे दान म्हणून मिळते. ते कर्मांनी मिळालेले नाही, म्हणून कोणाला बढाई मारायला जागा उरत नाही. रोमकरांस पत्राच्या 4थ्या अध्यायात पौल आणखी स्पष्ट लिहितो, की काम करणाऱ्याची मजुरी ही मेहेरबानी नसते, ते त्याचे हक्काचे देणे असते. देव आपल्याला मजुरी देत नाही, आई. किंमत होतीच, आणि ती भारी होती. ती ख्रिस्ताने वधस्तंभावर भरली. भरलेले देणे तू पुन्हा कोणाला आणि कशासाठी फेडणार?

आता बाबा याकोबाचे पत्र काढतील, आणि त्यांनी ते काढलेच पाहिजे. कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे, असे तिथे लिहिले आहे, आणि अब्राहामाने इसहाकाला वेदीवर ठेवले तेव्हा तो कर्मांनी नीतिमान ठरला, असेही. पण उत्पत्तीचे पुस्तक क्रमाने वाचा. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो त्याला नीतिमत्त्व म्हणून गणण्यात आला, हे 15व्या अध्यायात येते. सुंता 17व्या अध्यायात, आणि इसहाकाची वेदी थेट 22व्या अध्यायात. पौल 15व्या अध्यायाकडे बोट दाखवतो. याकोब तीच ओवी घेतो, पण ती वेदीपाशी पूर्ण झाली असे सांगतो. उघड्या आणि उपाशी भावाला नुसते ‘ऊब घ्या, पोटभर जेवा’ म्हणून वाटेला लावणाऱ्या माणसाला याकोब खडसावत आहे, तुझ्यासारखीला नव्हे. इफिसकरांस पत्रातही 9व्या ओवीला लागूनच 10वी आहे: सत्कृत्ये करण्यासाठी आपल्याला निर्माण केले आहे. तू पोचवलेले डबे हे तारणाचे फळ होते. फळ देऊन झालेल्या झाडाला मूळ पुन्हा विकत घ्यावे लागत नाही.

कृपा की कर्मे, या प्रश्नावरून युरोपात मंडळी दुभंगली, हे तुला ठाऊक आहे. इथल्या सेंट अ‍ॅनाच्या मठात 1518 साली मार्टिन लूथर उतरला होता, पोपचा प्रतिनिधी कार्डिनल कायेतान याच्यापुढे जबाब द्यायला. त्याच सेंट अ‍ॅना चर्चमध्ये 31 ऑक्टोबर 1999 रोजी लूथरन आणि रोमन कॅथलिक प्रतिनिधींनी माणूस नीतिमान कसा ठरतो याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: आपल्या कोणत्याही योग्यतेमुळे नव्हे, तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, आणि तोच आपल्याला सत्कृत्यांसाठी बळ देतो. मिरजेची आपली मंडळी ज्या प्रेस्बिटेरियन परंपरेतून आली, त्या रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघटनेनेही 2017 मध्ये विटेनबर्ग येथे याला आपली संमती जोडली. सगळे मतभेद मिटले असे नाही. पण ज्या गोष्टीवरून एवढे रक्त सांडले, तिच्याविषयी ही माणसे एवढे तरी एकत्र म्हणू शकली, याचे मला मोल वाटते.

तू आणखी एक बोललीस, की तुझा विश्वासही आता कमी पडतो. आई, विश्वासाचे माप काढायला बसलो, की तोच एक नवे कर्म होऊन बसतो. मार्काच्या 9व्या अध्यायातला तो बाप आठव, जो आजारी मुलासाठी येशूसमोर म्हणाला, की मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवून टाका. तेवढ्यावर त्याचा मुलगा बरा झाला. येशूच्या शेजारच्या वधस्तंभावरील चोराला तर बाप्तिस्मा, दशांश, मंडळ यांपैकी कशालाच वेळ नव्हता. त्याने फक्त आपली आठवण ठेवण्याची विनंती केली आणि त्याच दिवसाचे वचन त्याला मिळाले. जो ख्रिस्त त्याला पुरला, तोच तुला पुरेल.

पाळकसाहेबांना निरोप पाठव आणि प्रभुभोजन घरी आणण्याची विनंती कर. इतकी वर्षे तू इतरांच्या घरी गेलीस, त्याची परतफेड म्हणून ते मागू नकोस. भूक आहे म्हणून माग, आणि संकोच करू नकोस. याकोबाविषयी बाबांचे म्हणणे काय पडते, ते मात्र मला नक्की कळवा.

तुझी,
लेक