काका, माझे सगळे कॅमेरे चालू आहेत

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही दुरुस्तीचं काम थांबवलंत हे कळलं. बारीक स्क्रू दिसेनासे झाले की हात चालवायचे नाहीत, हा तुमचा नियम जुनाच. तो तुम्ही स्वतःलाही लावलात. हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण जुना कॅमेरा ज्यांच्या हाती येतो त्यांतल्या बहुतेकांना तुमच्यासारखं माणूस भेटत नाही. मला भेटलं. त्यामुळे माझ्या कपाटातला एकही कॅमेरा शोभेचा राहिला नाही. प्रत्येकात आळीपाळीने रोल पडतो.

सर्वात आधी आभार मानायचे ते कोडॅकच्या रेटिनाबद्दल. तो घडीचा कॅमेरा मला ‘जाम झालाय, शोभेला ठेवा’ असं सांगूनच मिळाला होता. मी फोनवर वर्णन करत होते आणि तुम्ही मधेच विचारलंत, “वरचा आकडा किती दाखवतोय?” एक. तुम्ही हसलात. या रेटिनात आकडा उलटा चालतो, किती फोटो उरले ते दाखवतो आणि एकवर आला की फिल्म पुढे सरकवायच्या लिव्हरला कुलूप बसतं, म्हणजे संपलेलं रीळ कुणी ओढून फाडू नये. आकडा पुन्हा ३६ वर नेला आणि लिव्हर सरकली. पैसे घेण्यासारखं काही केलंच नाही, असं म्हणालात. पण त्यानंतर जे सांगितलंत ते जास्त मोलाचं होतं. अशा वेळी लोक लिव्हरवर जोर करतात, आतली दात्यांची पट्टी झिजते आणि चांगला कॅमेरा खरोखरच बाद होतो. अडलं तर जोर करायचा नाही, आधी कारण शोधायचं, हे मी तिथून शिकले. आज ३५ मिमीचं जे डबीबंद रीळ सगळे वापरतात ते कोडॅकने १९३४ मध्ये पहिल्या रेटिनाबरोबरच आणलं, हेही तुम्हीच सांगितलं होतंत. आजच्या दुकानातली डबी त्या कॅमेऱ्यात सरळ बसते, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

दुसरी गोष्ट कानाची. शटर, म्हणजे फिल्मवर उजेड पडू देणारा उघडझापीचा पडदा, एक सेकंदावर लावून कसा ऐकायचा हे तुम्ही मला बसवून शिकवलंत. लेन्समधल्या शटरला, म्हणजे कॉम्पुरसारख्या पात्यांच्या शटरला, मंद वेगांसाठी आत दातेरी चाकांची एक छोटी साखळी असते. ती पात्यांना उघडं धरून ठेवते आणि त्या वेळी एक बारीक गुणगुण ऐकू येते. ती सलग आली तर ठीक. मधे अडखळली, दमली, की समजायचं आतलं जुनं तेल चिकट झालंय. एक सेकंदाचे दोन होतात, कधी पाती उघडीच राहतात. बहुतेकांचा हात अशा वेळी तेलाच्या बाटलीकडे जातो. तुम्ही मला आधीच बजावलंत: पाती कोरडीच हवीत, तेलाचा एक थेंबही पात्यांवर पसरला की ती एकमेकांना चिकटतात. आधी धुवायचं, जुनं काढायचं. नवं तेल लागलंच तर सुईच्या टोकावर मावेल इतकं, तेही फक्त चाकांच्या आसांना. आणि कपाटातल्या प्रत्येक कॅमेऱ्याचे सगळे वेग महिन्यातून एकदा तरी वाजवायचे. मी आजही वाजवते. न वापरलेला शटर वापरलेल्यापेक्षा लवकर बिघडतो हे तुमचं म्हणणं मला दर वेळी पटतं.

फेड आणि झोर्की हातात देताना तुम्ही एकच वाक्य बोलला होतात: आधी शटर भर (स्प्रिंग ताणून तयार कर), मग वेगाचा आकडा फिरव. या सोविएत कॅमेऱ्यांत क्रम उलटा केला तर आतली यंत्रणा बिघडू शकते. हे एक वाक्य माहीत नसल्यामुळे किती कॅमेरे मेले असतील कोण जाणे.

मला तुमच्याबद्दल सर्वात जास्त आदर वाटतो तो मात्र तुम्ही न केलेल्या कामांमुळे. माझी सुपर-टाकुमार ५० मिमी, एफ १.४ ची लेन्स चहासारखी पिवळी पडली होती. ती उघडून घासून द्या असं कुणीही म्हटलं असतं. तुम्ही म्हणालात, उघडायचीच नाही, उन्हात ठेव. या लेन्सच्या काचेत थोरियम मिसळलेलं असतं. त्याच्या मंद किरणोत्सर्गाने काच वर्षानुवर्षांत पिवळी होत जाते आणि अतिनील किरणांनी तो पिवळेपणा उतरतो. खिडकीत, एका बाजूला चकचकीत ॲल्युमिनियमचा कागद लावून, काही आठवडे ठेवली. लेन्स निवळली. आणि जवळ कागद-कापड काही ठेवू नकोस, भिंगाने आग लागते, हे तुम्ही दोनदा सांगितलंत, तेही इथे नोंदवून ठेवते.

तसंच त्या बुरशी लागलेल्या लेन्सचं. वरवरची बुरशी तुम्ही पुसून दिलीत आणि आतली दाखवून म्हणालात, “ही काचेत उतरलीय. पुसली तरी खूण राहणार. फोटो काढ, फक्त उजेड समोरून घेऊ नकोस.” खोटी आशा लावून पैसे घेणं सोपं होतं. ती लेन्स मी अजून वापरते. उजेड पाठीशी असला की तिच्यातून येणारे कृष्णधवल फोटो मला माझ्या सगळ्या लेन्सपेक्षा आवडतात. कोरड्या हवेत ठेव, चामड्याच्या बंद खोळीत नको, हा सल्लाही पाळते.

बॅटरीचं थोडक्यात लिहिते, कारण हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. ऑलिंपस ओएम-१ सारख्या कॅमेऱ्यांचा लाइट मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेला. ती आता मिळत नाही. दीड व्होल्टची घातली की मीटर उजेड जास्त दाखवतो आणि फोटो काळपट येतात. श्रवणयंत्राची १.४ व्होल्टची झिंक-एअर बॅटरी भोवती कडं बसवून घाल, हा तुमचा उपाय माझ्याकडे बिनतक्रार चाललाय. आणि मीटर मेलाच तर भर उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६ वर आणि फिल्मच्या आयएसओइतका, म्हणजे तिच्या संवेदनशीलतेच्या आकड्याइतका, शटरचा वेग, हे तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतलंत. शंभरच्या फिल्मला १/१०० सेकंद, किंवा जवळचा १/१२५. यावर मी अख्खे रोल काढलेत.

जपानी कॅमेऱ्याच्या स्क्रूला साधा चौफुली पेचकस लावू नको, त्याचा जपानी मापाचा वेगळा येतो, नाहीतर डोकं खरवडतं. दाराच्या कडेचा फोम चिकट झाला की आत पडण्याआधी काढ. घडीच्या कॅमेऱ्याच्या भात्याला भोकं आहेत का ते अंधारात आत दिवा लावून बघ. यातलं काहीही तुम्ही हातचं राखून सांगितलं नाहीत. ज्या गोष्टींवर तुमचं पोट होतं त्याच मला दिल्यात, आणि कधी वाटलं नाही की उपकार करताय.

परवा डबा ब्राउनीत, म्हणजे कोडॅकच्या डब्यासारख्या साध्या कॅमेऱ्यात, रोल भरला. १२० नंबरचं हे रीळ १९०१ साली ब्राउनीच्याच दुसऱ्या मॉडेलसाठी निघालं आणि आजही बनतं. एकच वेग, एकच लेन्स, बिघडायला फारसं काही नाही. त्यातही आरशावरची धूळ तुम्हीच काढून दिली होतीत. प्रिंट सोबत पाठवतेय.

आता एक मागणं. तुमच्या सुट्या भागांच्या डब्या भंगारात जाऊ देऊ नका. त्या स्प्रिंगा, ती पाती, रेटिनाच्या दात्यांच्या दोन पट्ट्या आता कुठे बनत नाहीत. मी त्या सांभाळीन आणि ज्याचा कॅमेरा त्यामुळे चालू होईल त्याला देईन. फक्त कुठल्या डबीत काय आहे आणि ते कशाला लागतं हे सांगायला मला एक दुपार द्या. वही मी घेऊन येते. कधी येऊ तेवढं कळवा.

तुमची,
कॅमेरेवाली पुतणी