करारात नाव तुझं, निघालात मात्र चौघं

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परदेशातल्या आंतरराष्ट्रीय शाळेतल्या शिक्षकाच्या नोकरीचा तू पाठवलेला करार तुझ्या बाबांनी आणि मी काल दोनदा वाचून काढला. सतरा पानं आहेत. तुझं नाव, पद, पगार, रजा, नोटिशीची मुदत, सगळं जागच्या जागी आहे. सूनबाईचं आणि मुलांचं नाव मात्र एकदाही आलेलं नाही. त्यांच्यासाठी ‘अवलंबित’ हा एक शब्द आहे, तोही बाराव्या पानावर. फोनवर तू विचारलंस, ‘आई, सही करू ना?’ मी ‘कर’ म्हणाले, आणि आजही तेच म्हणेन. नोकरी चांगली आहे आणि तू तिच्या लायक आहेस. पण त्या एका शब्दाने मला रात्रभर झोपू दिलं नाही, म्हणून हे पत्र.

तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा माझ्या करारातही हाच शब्द होता. मी तो डोळ्यांखालून घातला होता, मनावर घेतला नव्हता. मनात फक्त माझा वर्ग होता, माझी पहिली आंतरराष्ट्रीय शाळा होती.

बाबांचा व्हिसा माझ्या व्हिशावर टांगलेला होता आणि त्यावर नोकरी करायला परवानगी नव्हती. हे आम्हाला तिथे पोचल्यावर तिसऱ्या आठवड्यात कळलं. कितीतरी देशांत असंच असतं. जोडीदाराला राहता येतं, कमावता येत नाही. काही ठिकाणी वेगळा परवाना काढला की येतं. बँकेत खातं उघडायला गेलो तेव्हा अर्जात ‘व्यवसाय’ असा रकाना होता. पंधरा वर्षं इंजिनियर म्हणून काम केलेला माणूस हातात पेन धरून त्या रकान्यापाशी थांबला. मागे रांग होती. मी हळूच म्हटलं, ‘राहू दे, रिकामं सोडा.’ त्यांनी सोडलं. ते शब्द मी बोलायला नको होते, हे उमगायला मला फार वर्षं लागली. पुढे त्यांनी घर सांभाळलं, तुझा अभ्यास घेतला, चकार शब्दाने तक्रार केली नाही. पण त्या दिवसापासून ते कुणाशी ओळख करून देताना आधी माझं काम सांगायचे आणि मग गप्प व्हायचे.

म्हणून सूनबाईचं आधी विचार. तिला कामाचा परवाना मिळतो का, किती दिवसांत मिळतो, तिची पदवी तिथे धरतात का. शाळेच्या एचआरला ईमेलने विचार आणि उत्तरही ईमेलनेच घे. ‘होऊन जाईल, काळजी करू नका’ याला उत्तर म्हणत नाहीत. नकार आला तर तो तिला त्याच दिवशी दाखव आणि मगच सहीचं ठरवा. ती तरीही हो म्हणाली, तर तिने तिथे दिवसभर काय करायचं याचा विचार तुझ्या नोकरीइतक्याच गांभीर्याने करा. शिक्षण पुढे न्यायचं असेल तर त्याची फी आतापासून बाजूला ठेव.

कागदपत्रांकडे डोळ्यांत तेल घालून बघ. जन्मदाखले, विवाह नोंदणीचा दाखला, तुझ्या पदव्या, पोलिसांचा दाखला. तो देश 5 ऑक्टोबर 1961 च्या हेग करारात असेल तर अपोस्टिलचा, म्हणजे कागद खरा असल्याचा आपल्या सरकारचा शिक्का बहुधा चालतो, नसेल तर त्याच्या वकिलातीकडून साक्षांकन करून घ्यावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. पासपोर्टची मुदत संपायला सहा महिन्यांहून जास्त काळ हवा. मुलांचे पासपोर्ट लवकर संपतात, ते आधी बघ. आणि चौघांची नावं सगळ्या कागदांवर एकेक अक्षर लावून ताडून पाहा. तुझ्या जन्मदाखल्यावर माझ्या नावात एक अक्षर जास्त होतं, पासपोर्टवर नव्हतं. त्या एका अक्षरापायी तुझा व्हिसा अडकला. शाळा ऑगस्टमध्ये सुरू होत होती, मला जावं लागलं. तू आणि बाबा ऑक्टोबरात आलात. तोवर वर्गात सगळ्यांच्या जोड्या जमल्या होत्या, डबा खायच्या जागा ठरल्या होत्या. तुझ्या वाट्याला दाराजवळचं बाक आलं.

आता जे लिहिते ते आजवर तुझ्याशी नीट बोलले नाही.

तू वर्गात किती आठवडे बोलला नाहीस, आठवतं तुला? मला आकडा पाठ आहे, अकरा. नवी भाषा कानावर पडली की मुलं काही काळ नुसती ऐकतात, तोंड उघडत नाहीत, हे मला माहीत होतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईवडिलांना मी ते धीराने समजावलंही होतं. आणि माझा मुलगा वीस पावलांवरच्या खोलीत गप्प बसून होता, हे त्याच्या बाईंनी मला बोलावून सांगेपर्यंत मला कळलं नाही. मधल्या सुट्टीत तू कॉरिडॉरच्या भिंतीला लागून उभा असायचास. मी हातात वह्यांचा गठ्ठा घेऊन समोरून जायचे. शाळेत मला सगळ्यांसारखं ‘मिस’ म्हणायचं असं मीच तुला बजावलं होतं, कुणाला वाटू नये की आपल्या मुलाला झुकतं माप देते. तू कधी चुकला नाहीस.

एका संध्याकाळी घरी तू गृहपाठाची वही घेऊन आलास. वही पुढे केलीस आणि म्हणालास, ‘मिस, सही.’ मी सही केली. वर पाहिलं तर तू वर्गात उभं राहतात तसा उभा होतास, ताठ, हात पाठीमागे. आपल्या स्वयंपाकघरात.

तेव्हा मी काय करायला हवं होतं ते आज सांगता येतं. वह्या खाली ठेवून भिंतीपाशी दोन मिनिटं उभं राहायला हवं होतं. तू बोलला नसतास तरी चाललं असतं. तुझ्यावर ती वेळ येणार आहे, कारण तुझीही मुलं तुझ्याच शाळेत असतील आणि तुझ्या हातातही गठ्ठा असेल. या शाळांची सुरुवात आठवते का, मीच तुला सांगितली होती. 1924 साली जिनिव्हात तेव्हाचा राष्ट्रसंघ (आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीचा) आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्यासाठी काम करायला देशोदेशींहून माणसं आली, आणि आपल्या मुलांनी शिकायचं कुठे म्हणून त्यांनी शाळा काढली. आईबापांच्या नोकरीमागे आलेल्या मुलांसाठीच या शाळा जन्मल्या. शिक्षकांची मुलंही त्यांतलीच असतात, एवढंच मी विसरले होते.

भाषेचं आणखी एक. जिम कमिन्स या अभ्यासकाने 1979 मध्ये मांडलेला भेद आम्हा शिक्षकांना पाठ असतो. खेळण्याबोलण्याची भाषा मुलं साधारण 2 वर्षांत उचलतात, पण विज्ञान, इतिहास समजून लिहिण्याची भाषा पक्की व्हायला 5 ते 7 वर्षं लागतात. म्हणजे सहा महिन्यांनी थोरली मैत्रिणींशी घडाघडा बोलायला लागली आणि तरी निबंधात अडखळली, तर तिला आळशी म्हणू नकोस. भाषेचा जास्तीचा तास शाळा किती वर्षं देते आणि त्याचे वेगळे पैसे घेते का, हे विचारून ठेव. घरात मात्र आपलीच भाषा बोला. आम्ही तुझ्या इंग्रजीच्या काळजीने घरातही इंग्रजी सुरू केली होती आणि त्या वर्षभरात तू आजीशी फोनवर बोलायचा थांबलास. बोलणं सुटतं तसं वाचनही सुटतं, म्हणून आपली पुस्तकं बरोबर न्या. पुढे आयबी डिप्लोमाला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाला, शाळेत आपल्या भाषेचा शिक्षक नसला, तरी शाळेच्या देखरेखीखाली स्वतः अभ्यास करून मातृभाषेचं साहित्य परीक्षेला घेण्याची सोय आहे. पण तोवर थोरलीने वाचतं राहायला हवं.

थोरलीच्या वर्गाचा हिशेब मी कागदावर मांडला, तुझ्यासाठी इथे उतरवते. ती बारा पूर्ण. ब्रिटिश पद्धतीत ती ‘इयर 8’ मध्ये बसेल; अमेरिकी शाळांत त्याच वर्गाला ‘ग्रेड 7’ म्हणतात, या आकड्यांनी घाबरू नका, वर्ष वाया जात नाही. तुझा करार 2 वर्षांचा. तो संपेल तेव्हा ती इयर 9 संपवून आयजीसीएसईच्या, म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेच्या अभ्यासक्रमाच्या, उंबरठ्यावर असेल. तो अभ्यासक्रम 2 वर्षांचा, त्यानंतर डिप्लोमा पुन्हा 2 वर्षांचा. करार एकाच वर्षाने वाढवलास तर पोरगी आयजीसीएसईच्या मधोमध अडकेल. विषय, पुस्तकं, वर्षभर केलेली कामं दुसऱ्या शाळेत जशीच्या तशी बसतीलच असं नाही. डिप्लोमाचं तर त्याहून कठीण. देश बदलला तरी मुलांना विद्यापीठाचं दार उघडं राहावं म्हणून 1968 साली जिनिव्हात आयबी सुरू झालं, पण 6 विषय आणि 45 गुणांची ती वाट एकाच शाळेत चालून पुरी करणं बरं. तेव्हा वाढवायचा तर 2 वर्षांनी वाढव, नाहीतर इयर 9 संपताच निघा. ‘पुढच्या वर्षी राहणार का’ हे शाळा बहुधा डिसेंबरच्या आतच विचारतात, कारण शिक्षकभरतीचा हंगाम तोच असतो. त्या विचारण्याच्या आधी तिच्याशी बोलणं झालेलं असू दे.

धाकट्याच्या वाचनाची अडचण शाळेला आजच सांग. तपासणीचा अहवाल जोडून सांग. तू फोनवर म्हणालास, ‘आधी रुजू होतो, मग सांगतो.’ असं करू नकोस रे. सगळ्याच आंतरराष्ट्रीय शाळांत विशेष शिक्षक नसतात. काही ठिकाणी एकच असतो आणि त्याच्याकडच्या जागा भरलेल्या असतात, काही ठिकाणी मदतनिसाचा पगार पालकांनी द्यायचा असतो. धाकट्याला जमणार नाही अशी शाळा असेल तर ते आता कळलेलं बरं. तिथे गेल्यावर कळलं तर तुझं घर एका देशात, नोकरी तिथेच, आणि मुलगा घरी बसलेला, अशी गत होईल. आणि एक लक्षात घे, लपवल्याने सगळ्यात आधी त्यालाच कळेल की त्याच्यात काहीतरी लपवण्यासारखं आहे.

पैशाचं थोडक्यात. ‘फी माफ’ म्हणजे किती मुलांची आणि किती टक्के, बस, जेवण, परीक्षेची फी त्यात आहे का, आणि त्या देशात माफ फीवर कर लागतो का, हे बघ. आरोग्यविमा चौघांचा हवा, आणि आधीपासून असलेला आजार त्यात धरला आहे का ते बाबांनी खुणेने दाखवून ठेवलं आहे, पान चौदा. पेन्शन तिथे बहुधा नसते. दर महिन्याला स्वतः बाजूला टाक, पहिल्या पगारापासून. आम्ही चौथ्या वर्षी सुरुवात केली.

निरोपाचं राहिलं. या शाळांत विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेतलेली माणसं भेटतात, आणि जून आला की कुणी ना कुणी जातं. तुझा जिवलग मित्र गेला तेव्हा त्यांच्या गाडीमागे तू फाटकापर्यंत धावलास आणि त्यानंतर वर्षभर कुणाशी मैत्री केली नाहीस. मी समजले, पोरगा अभ्यासाला लागला. रूथ उसीम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1950 च्या दशकात अशा मुलांना ‘तिसऱ्या संस्कृतीतली मुलं’ असं नाव दिलं; आईबापांच्या देशाची ती पुरती नसतात, राहत्या देशाचीही नसतात. नाव ठाऊक असून मला तू दिसला नाहीस. मुलांना इथला निरोपही पुरता घेऊ दे. ज्यांना भेटायचं त्यांना भेटू दे, रडू दे, ‘तिकडे नवीन मित्र मिळतील’ असं त्या वेळी कुणी म्हणू नका. सामान भरताना दोघांना एकेक खोकं दे आणि त्यात काय भरायचं ते त्यांनाच ठरवू दे. नंतरच्या एका प्रवासात तू तुझ्या बॅगेत चाकं निघालेली लाल गाडी ठेवली होतीस. वजन जास्त झालं म्हणून मी ती विमानतळावर काढून ठेवली. 23 किलोंत ती सहज मावली असती, मी माझी दोन जाड पुस्तकं काढायला हवी होती.

बाबा म्हणताहेत, पत्र लांबलं. त्यांनी तुझ्या करारावर पेन्सिलने सात ठिकाणी खुणा केल्या आहेत, ती पानं सोबत पाठवते. सूनबाईला हे पत्र वाचायला दे; तिला माझ्याशी एकटीशी बोलायचं असेल तर रात्री कधीही फोन करू दे.

आणि एक काम आजच कर. थोरलीला जवळ बसवून विचार, शाळेच्या कॉरिडॉरमध्ये ती तुला काय हाक मारणार, सर की बाबा. ती म्हणेल तेच ठेव. काय म्हणाली ते मला कळव, मी वाट बघते आहे.

तुझी,
आई