अंथरूण ओले होते तेव्हा मुलाची झोपही मोडते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

झोपेत अंथरूण ओले करणाऱ्या मुलाबद्दल आपल्याकडे दोन वाक्ये ठरलेली आहेत : 'मोठा झाला की आपोआप थांबेल' आणि 'याची झोपच फार गाढ आहे'. पहिले बऱ्याच अंशी खरे आहे. दुसऱ्याने मात्र आमच्या घराची दोन वर्षे दिशाभूल केली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझा नातू नऊ वर्षांचा आहे. गेल्या हिवाळ्यापर्यंत आठवड्यातून चार-पाच रात्री त्याची गादी ओली होत असे. नाशिकच्या डिसेंबरात गादी दिवसभर गॅलरीत टाकली तरी आतून दमटच राहते, आणि समोरच्या इमारतीतून दिसू नये म्हणून सून ती जुन्या चादरीखाली झाकून ठेवी. मी रोज रात्री एक वाजता त्याला उठवून बाथरूमपर्यंत धरून नेत असे. तो डोळे न उघडताच सारे आटोपून परत येई, आणि तरीही पहाटे चादर ओली सापडे. शाळेतून तक्रार येई ती वर्गातल्या जांभयांची, चिडचिडीची आणि अर्धवट सोडलेल्या गणितांची. या तक्रारीचा आणि गॅलरीतल्या गादीचा काही संबंध असेल, असे आम्हा कोणाच्याही मनात आले नाही.

तो संबंध बालरोगतज्ज्ञ बाईंनी उलगडून दाखवला. हाँगकाँगमधील डॉक्टरांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा त्रास तीव्र असलेल्या मुलांच्या मेंदूच्या लहरी रात्रभर नोंदवल्या होत्या. भरलेले मूत्राशय मेंदूला पुन्हा पुन्हा डिवचत राहते, त्यामुळे झोप गाढ न होता वरवरची राहते, आणि तरीही पूर्ण जाग येत नाही, असे त्यांत दिसले. म्हणजे ज्याला आम्ही कुंभकर्ण म्हणत होतो, ते पोर खरे तर रात्रभर अर्धवटच झोपत होते आणि त्यात भर म्हणून मी त्याला एक वाजता उठवत होते. बेल्जियममधील गेंट येथे, रात्री लघवी जास्त तयार होणाऱ्या मुलांना सहा महिने डेस्मोप्रेसिन हे लघवी कमी तयार करणारे औषध दिल्यावर त्यांच्या झोपेतील पायांच्या हालचाली कमी झाल्या, पहिली सलग झोप लांबली आणि दिवसाच्या वागण्यातही सुधारणा दिसली. अभ्यास लहान होता, पण आमच्या घरात जे घडले ते याच्याशी जुळते.

उपचाराची सुरुवात औषधाने झाली नाही. बाईंनी आधी शौचाला रोज होते का, झोपेत घोरतो का, हे विचारले, कारण बद्धकोष्ठाने भरलेले आतडे मूत्राशयावर दाबते आणि घशातल्या आणि नाकामागच्या वाढलेल्या गाठींमुळे (टॉन्सिल-ॲडेनॉइड) श्वास अडखळत असेल तर त्यावरच्या उपचाराने काही मुलांचे अंथरूण ओले होणेही थांबते. आम्ही संध्याकाळी पाचनंतर त्याचे पाणीच तोडले होते. ते चूक असल्याचे सांगून दिवसभर भरपूर आणि रात्री बेताने प्यायला द्या, असे त्यांनी बजावले. मग ओल लागताच वाजणारा अलार्म आला. पहिले दोन आठवडे त्याने सारे घर जागे केले, फक्त नातू सोडून, आणि त्या दिवसांत सगळ्यांचीच झोप उडाली हे मी लपवणार नाही. याला दोन-तीन महिने धीर धरावा लागतो. ज्यांना डेस्मोप्रेसिनची गोळी दिली जाते त्यांनी ती घेण्याआधी एक तास आणि नंतर आठ तास पाणी अगदी घोटभरच घ्यायचे असते, नाहीतर रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून ती शेजारणीच्या सांगण्यावरून दुकानातून आणू नये.

आता सात आठवडे गादी कोरडी आहे. मागच्या रविवारी साडेसहाला, कोणीही हाक न मारता, तो केस विस्कटलेले घेऊन स्वयंपाकघरात आला आणि पोह्यांत शेंगदाणे जास्त घालायला सांगू लागला. दोन वर्षांत त्याला सकाळी असे ताजे मी पाहिले नव्हते.

मी स्वतः २९ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. पाचव्या वर्षी शंभरातील सुमारे १५ मुलांना हा त्रास असतो, म्हणजे माझ्या प्रत्येक वर्गात अशी मुले असणारच. आणि डुलकी घेणाऱ्या कित्येकांना मी बाकावर उभे केले आहे. पेठ, सुरगाणा, कळवणच्या आश्रमशाळांत तर मूल घरापासून दूर, चाळीस जणांच्या खोलीत झोपते. तिथे भीतीनेच जागे राहणाऱ्या मुलाचे काय होत असेल, या विचाराने मला आता चैन पडत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला आणि त्याची पथके शाळा-अंगणवाड्यांत मुलांची तपासणी करतात. जिल्ह्यातील पथकांनी या तपासणीत 'रात्री अंथरूण ओले होते का' आणि 'झोपेत घोरतो का' हे दोन प्रश्न आवर्जून विचारावेत, अशी माझी जिल्हा आरोग्य अधिकारी आणि नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाला कळकळीची विनंती आहे. मात्र ते रांगेत, इतर मुलांच्या देखत न विचारता, एकेकाला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारावेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सिडको, नाशिक