चित्रातली म्हैस चालते, गेममधली का नाही?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालचा अग्रलेख वाचनालय उघडल्या उघडल्या वाचला आणि दिवसभर तो डोक्यातून गेला नाही. रमीच्या ॲपवर पगार उडवणारी माणसं, रात्र रात्र पबजी खेळणारी मुलं आणि संगणकावर एखादी गोष्ट रचू पाहणारे तरुण, या तिघांना आपण एकाच दावणीला बांधलंत. शेवटी 'गेमला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कवच हवंच कशाला?' असं विचारून लेख संपवलात. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हे पत्र.

जुगाराबद्दल आपण जे लिहिलंत ते मला पूर्ण मान्य आहे. आमच्या गल्लीत त्या नादापायी बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकलेला माणूस मी पाहिला आहे. पण जुगार म्हणजे अभिव्यक्ती असं कोण म्हणतं? तो घटनेचं संरक्षण मिळावं असा व्यापारसुद्धा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली मुंबई राज्याच्याच एका खटल्यात सांगून टाकलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यातही पैशांचे खेळ वेगळे काढून त्यांच्यावर बंदी आली, ई-स्पोर्ट्स म्हणजे स्पर्धेचे व्हिडिओ गेम आणि करमणुकीचे, शिकवणारे खेळ वेगळे ठेवले गेले. संसदेला दिसलेला फरक अग्रलेखात का दिसू नये?

माझा राग मात्र कायद्याच्या कलमांवरून सुरू झालेला नाही, तो घरातून आला आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये इथे सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा माझा मुलगा बारावीत होता. आमच्या वाचनालयाच्या खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं गेली, घर वाचलं. पूरग्रस्तांसाठी एका शाळेत सोय केली होती, तिथे आम्ही भाकऱ्या घेऊन जायचो. नदीकाठच्या गावातल्या एक आजी तिथे भिंतीला टेकून बसलेल्या असत. जेवा म्हटलं की जेवायच्या, पण कुणाशी बोलायच्या नाहीत. चौथ्या दिवशी त्या माझ्या मुलाला एवढंच म्हणाल्या, "दावं सोडायला उशीर केला रं मी." नाव आलेली, नावेत माणसांनाच जागा. पाणी उतरेल या आशेवर त्यांनी चार म्हशी गोठ्यात बांधलेल्याच ठेवल्या होत्या.

त्या एका वाक्यावर मुलाने पुढे इंजिनिअरिंगला असताना एका मित्राच्या मदतीने आठ महिने राबून गेम तयार केला. त्यात बंदूक नाही, गुण नाहीत, जिंकणं-हरणंही नाही. आपण ती आजी असतो. सकाळी धारा काढायच्या, वैरण माडीवर चढवायची, रेशनकार्ड आणि सातबारा पिशवीत बांधायचे. अंगणात पाणी येतं. एक पायरी बुडते, मग दुसरी. दावी सोडायची की नाही, सोडली तर कधी, हे कुणी सांगत नाही. गोठ्यात जाऊन एक कळ दाबून धरायची, गाठ सुटायला वेळ लागतो. लवकर सोडली तर जनावरं पोहत अंधारात जातात आणि त्यांचं पुढे काय झालं ते सकाळपर्यंत कळत नाही. उशीर केला तर नाव निघते आणि मागून येणारा घुंगरांचा आवाज थांबतो. बस, एवढंच. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा दावी सोडली नाहीत. पाणी उतरेल असं मलाही वाटलं. त्या आजींच्या तोंडचं ते वाक्य मी स्वतः ऐकलं होतं, तरीही त्या चार दिवसांत त्यांना काय झालं असेल ते मला त्या रात्री कळलं.

२०२३ च्या फेब्रुवारीत एका महाविद्यालयात आंतरमहाविद्यालयीन कलाप्रदर्शन होतं, विषयच 'महापूर'. मुलाने नाव नोंदवलं, पावती मिळाली. सकाळी आठला मी रिक्षात सीपीयू मांडीवर घेऊन बसले, तो मॉनिटर घेऊन मागून गाडीवर. मांडणी झाली आणि संयोजक सर आले. त्यांनी उभ्या उभ्या दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, गेम कलाविभागात बसत नाही. शिवाय यात जनावर मरतं, तेही खेळणाऱ्याच्या हातून. उद्या पालकांनी तक्रार केली तर?"

समोरच्याच भिंतीवर फुगून वर आलेल्या म्हशीचं मोठं तैलचित्र होतं. त्याला पहिलं बक्षीस मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं, चित्र जबरदस्त होतं. पुरावर एक पथनाट्य झालं, त्यात नाव उलटून माणसं बुडतात. कविता झाल्या. पूर तोच, मरण तेच. फक्त आमच्या टेबलावरची वायर काढायला लावली.

परतताना मुलगा काही बोलला नाही. रात्री जेवताना म्हणाला, "आई, चित्रच काढलं असतं तर बरं झालं असतं." हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही, आणि कालच्या अग्रलेखाने ते पुन्हा वर काढलं.

त्या सरांचं 'खेळणाऱ्याच्या हातून' हे म्हणणं मी सोडून देणार नाही, कारण सगळा वाद तिथेच आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर हाच मुद्दा आला होता. कॅलिफोर्नियाने २००५ साली कायदा करून अल्पवयीन मुलांना हिंसक गेम विकणाऱ्याला एक हजार डॉलरपर्यंत दंड ठेवला होता. २७ जून २०११ रोजी न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मतांनी तो रद्द केला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती स्कॅलिया यांचा. त्यांचं म्हणणं असं की पुस्तकं, नाटकं, चित्रपट यांच्यासारखेच गेमही पात्रं, संवाद, कथानक, संगीत यांतून विचार पोचवतात. त्यात खेळणाऱ्याचा सहभाग ही भर. माध्यम नवं आलं म्हणून स्वातंत्र्याचं मूळ तत्त्व बदलत नाही. मुलांना हिंसेपासून दूर ठेवायचं म्हणता, तर परीकथांचं काय, असं त्यांनी विचारलं आणि ग्रिमच्या गोष्टींतले डोळे टोचणारे पक्षी आणि भट्टीत ढकललेली चेटकीण यांचे दाखले दिले. गोष्ट ऐकणारं मूलही मनातल्या मनात त्या चेटकिणीला भट्टीत ढकलतच असतं, हे मला वाचनालयात मुलांना गोष्टी सांगताना दर शनिवारी दिसतं.

तरी मी एक प्रामाणिकपणे कबूल करते. त्याच निकालात न्यायमूर्ती ब्रेयर यांनी विरोधी मत देताना विचारलं होतं की तेरा वर्षांच्या मुलाला नग्न चित्राचं मासिक विकायला बंदी, आणि ज्या गेममध्ये तोच मुलगा एका बाईला बांधून, छळून मारतो तो विकायला मोकळीक, हे कसं? या प्रश्नाने मी अस्वस्थ झाले, अजूनही आहे. गेमवर वयाची खूण असावी, दुकानदाराने ती पाळावी, आईबापांनी घरात लक्ष ठेवावं, हे सगळं मला हवंच आहे. अमेरिकेत तशी व्यवस्था धंद्यातल्या लोकांनी १९९४ पासून स्वतःच चालवली आहे. पण वयाची खूण लावणं वेगळं आणि 'हे माध्यमच अभिव्यक्तीत धरू नका' म्हणणं वेगळं. कालच्या अग्रलेखाने दुसरी गोष्ट केली.

आपल्याकडची अडचण जुनी आहे. चित्रपट दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात १९७० साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांचं पूर्वपरीक्षण, म्हणजे दाखवण्याआधीची सरकारी तपासणी, योग्य ठरवलं, कारण चित्रपट इतर कलांपेक्षा मन जास्त हलवतो. म्हणजे जी कला जास्त भिडते तिच्यावर जास्त संशय. उद्या हेच कारण गेमला लावतील, आणि तेव्हा अडवणारा कुणी नसेल, कारण आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी आधीच हात वर केलेले असतील. राजकोटला मार्च २०१९ मध्ये पोलिसांनी पबजीवर बंदी घालून तो खेळणाऱ्या तरुणांना चक्क अटक केली. घटनेच्या अनुच्छेद १९(२) मध्ये अभिव्यक्तीवरच्या बंधनाची कारणं लिहिलेली आहेत. त्यांपैकी कुठलं कारण होतं, हे विचारणारा एक तरी अग्रलेख तेव्हा आपल्याकडे आला का? मी फाइली चाळल्या, मला सापडला नाही.

आणि हे सांगलीकरांना समजावून सांगावं लागावं? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं ते या गावात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर या गावचे. त्यांच्या 'कीचकवध'वर इंग्रज सरकारने १९१० साली बंदी घातली. महाभारतातलीच गोष्ट, नाटकात व्हाइसरॉय राहिलेल्या लॉर्ड कर्झनचं नावही नाही. पण प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसायचा, द्रौपदीत देश दिसायचा. प्रेक्षक नुसता पाहत बसत नाही, मनातून तो रंगमंचावर जाऊन भीमाच्या बाजूने उभा राहतो, हे त्या सरकारला बरोबर कळलं होतं. त्यालाच ते घाबरले. माझ्या मुलाच्या गेममध्ये तेच होतं, फक्त इथे हात प्रत्यक्ष कळीवर असतो.

पोलंडमध्ये २०२० साली वेढा पडलेल्या शहरात तगून राहणाऱ्या साध्या माणसांवरचा एक गेम शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घेतला गेला. ग्रंथपाल म्हणून मला त्या बातमीने फार आनंद झाला होता. आपल्या अंकात ती आली नव्हती.

आता लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. रमीच्या ॲपवर कालचा अर्धा अग्रलेख खर्ची पडला. कायदा येण्यापूर्वीच्या दोन वर्षांत आपल्याच पहिल्या पानावर त्या ॲपच्या पानभर जाहिराती होत्या. मी अंक लावून ठेवते, मला मोजता येतात. सकाळी वाचनालयात येणारे निवृत्त लोक आधी ते पान पाहायचे. त्यातल्या एकांनी मला ॲप कसं उतरवायचं ते विचारलं होतं. त्याबद्दल अग्रलेखात एक ओळ यायला हवी होती, दिलगिरीची.

मुलगा आता पुण्यात नोकरीला आहे, दुसऱ्यांच्या वेबसाइट बनवतो. नवीन गेमचं विचारलं की विषय बदलतो. तो जुना गेम मी वाचनालयातल्या कोपऱ्यातल्या संगणकावर ठेवला आहे. शाळकरी मुलं खेळतात, आणि पूर पाहिलेली मोठी माणसंही. गेल्या महिन्यात एक शेतकरी गृहस्थ तीनदा खेळले, तिन्ही वेळा दावी पहिल्या पायरीलाच सोडली आणि काही न बोलता निघून गेले.

सोमवारी वाचनालय बंद असतं. बाकीच्या दिवशी संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं. गेमला वीस मिनिटं लागतात. कालचा अग्रलेख ज्यांनी लिहिला त्यांनी सांगलीला यावं, मी खुर्ची मोकळी ठेवते.

कळावे,
एक ग्रंथपाल, सांगली

(नाव पत्रासोबत दिलं आहे. मुलाचं महाविद्यालय ओळखू येऊ नये म्हणून ते छापू नये, ही विनंती.)