मंत्रीसाहेब, सेन्सॉरविरुद्ध दाद मागायची जागा परत द्या

मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

साहेब, मी कोल्हापूरचा. सेन्सॉर बोर्डाविरुद्ध अपील ऐकणारं ट्रिब्युनल बंद झालं, ते परत मागायला हे पत्र. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून रोजचं येणंजाणं आहे, बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी आमच्या गावातली. त्यांचा 'सैरंध्री' १९२० ला पुण्यात आर्यन सिनेमात लागला, टिळकांनी बघून बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. पण त्यातला कीचकवध लोकांना इतका खरा वाटला की थेटरात बायका किंचाळल्या, आणि सेन्सॉरने तो सीनच काढायला लावला. कीचक कसा मेला हे कीर्तनात ऐकत आपल्याकडची पोरं मोठी होतात, तेच पडद्यावर दिसलं तर कात्री. आमच्याकडे हा किस्सा अभिमानाने सांगतात, मला मात्र दरवेळी वाईट वाटतं, कारण तो सिनेमाच आज बघायला मिळत नाही.

सिनेमा सेन्सॉर करायचा कायदा १९१८ चा, इंग्रजांचा. १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगूनला सेन्सॉर बोर्डं बसली आणि मुंबईच्या बोर्डाच्या डोक्यावर कोण, तर पोलीस कमिशनर! बोर्डाने पास केलेला सिनेमासुद्धा जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट आपल्या हद्दीत थांबवू शकायचा. १९२१ च्या 'भक्त विदुर'चं बघा ना. कोहिनूर कंपनीचे द्वारकादास संपत स्वतः विदुर झाले, अंगात खादी, डोक्यावर गांधी टोपी. लोकांना काय समजायचं ते समजलं, सरकारलाही समजलं, आणि कराची, मद्रासला बंदी आली. दहा वर्षांनी प्रभातच्या 'स्वराज्याचं तोरण'चं तेच. नावात स्वराज्य चालत नाही म्हणून शांतारामबापूंना तो 'उदयकाल' करावा लागला. शिवाजी महाराजांच्या सिनेमात स्वराज्य हा शब्द नको, साहेब!

आणि वरून सगळं नीतीच्या नावाखाली. परदेशी सिनेमात गोऱ्या बायका मिठ्या मारताना दिसल्या की इथली जनता बिघडेल, गोऱ्या साहेबांचा दरारा जाईल अशी ओरड विलायतेपासून इथपर्यंत चालली होती. म्हणून सरकारने १९२७ ला सिनेमा आणि सेन्सॉरची चौकशी करायला रंगाचारियर कमिटी नेमली, तिने गावोगाव फिरून शेकडो लोकांना विचारलं, दादासाहेब फाळक्यांचीसुद्धा साक्ष घेतली आणि शेवटी लिहिलं की या ओरडीत तथ्य नाही. तो रिपोर्ट सरकारने बाजूला टाकला. मला यातली खरी चीड हीच येते, की तपास करून उत्तर आलं तरी कात्री थांबली नाही, कारण कात्री चालवणारा आणि दाद देणारा एकाच घरचा.

हे सगळं तुम्हाला का लिहितोय, तर स्वातंत्र्यानंतर आपण हे थोडं तरी सुधारलं होतं. दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास सेन्सॉरविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले, १९७० ला निकाल आला, त्या केसमध्ये सरकारने कबूल केलं की बोर्डाविरुद्धचं अपील सरकारकडे नको, वेगळं ट्रिब्युनल पाहिजे. ते १९८३ ला सुरू झालं. निवृत्त न्यायाधीश किंवा तसाच कायद्यातला माणूस अध्यक्ष, सिनेमा बघून बसून निर्णय द्यायचे. एप्रिल २०२१ मध्ये ते बंद केलं. आता बोर्डाचं पटलं नाही तर सरळ हायकोर्ट. मोठ्या बॅनरला परवडतं हो, पण घर गहाण टाकून मराठी सिनेमा काढणाऱ्याने थेटरं बुक झाल्यावर वकील कुठून आणायचा? तो बिचारा सांगतील तेवढं कापतो आणि गप्प बसतो.

२०२३ च्या दुरुस्तीत तुम्ही ७, १३, १६ असे वयाचे टप्पे आणलेत, ते चांगलं केलंत, मनापासून. मग एवढंच अजून करा. ट्रिब्युनल परत आणा, त्याचं एक बेंच मुंबईत बसवा, अपिलाला दिवसांची मुदत घाला. आणि बोर्डाकडे आलेल्या प्रत्येक सिनेमाची न कापलेली प्रत पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये ठेवायची सक्ती करा, कीचकवध आपण घालवला तसं पुन्हा नको.

उत्तराची वाट बघतो.

आपला,
कोल्हापूरचा एक प्रेक्षक