मान डोलवू नका, नाव सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस मी रुग्णालयात तिच्या उशाशी होते. शस्त्रक्रियेच्या रात्री नर्स इंजेक्शन भरून घेऊन आली आणि एक भलतंच नाव घेऊन म्हणाली, "तुम्हीच ना?" आई गुंगीत होती. "हो," म्हणाली. त्या अवस्थेत कुठलंही नाव घेतलं असतं तरी ती 'हो'च म्हणाली असती. मी उठून तिच्या मनगटावरचा पट्टा पुढे केला. नर्सने तो हातातल्या कागदाशी ताडून पाहिला आणि इंजेक्शन परत ट्रेमध्ये ठेवलं. ते शेजारच्या खोलीतल्या रुग्णाचं होतं. ती मनापासून 'थँक यू' म्हणाली. रात्रपाळीला एकटी अख्खा वॉर्ड सांभाळत होती बिचारी. तिला दोष द्यायला मी हे लिहीत नाही.

त्या रात्रीपासून आम्ही ठरवून टाकलं, "तुम्हीच ना?"वर मान डोलवायची नाही. पूर्ण नाव आणि जन्मतारीख आपणच सांगायची. गोळी देताना, रक्त काढताना, एक्स-रेला नेताना, दर वेळी. खाटेचा नंबर सांगून भागत नाही, खाटा बदलतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उपचार घेताना दर दहा रुग्णांमागे सुमारे एकाला इजा होते, आणि त्यातली निम्म्याहून जास्त टाळता येण्यासारखी असते. याच संघटनेने 2008 साली आणलेल्या शस्त्रक्रियेच्या तपासणी यादीत भूल देण्यापूर्वीचा पहिला प्रश्न असतो तो खुद्द रुग्णाने आपलं नाव, शस्त्रक्रियेची जागा, शस्त्रक्रिया कोणती आणि संमती हे सगळं पक्कं केलं आहे का, असा. म्हणजे बोलणं हा आपला आगाऊपणा नाही, ते उपचारातच धरलेलं आहे. आपल्याला मात्र वाटतं, डॉक्टरांना विचारलं तर राग येईल.

आमचीही चूक झालीच होती. रक्त पातळ ठेवणारी गोळी आई इतकी वर्षं घेते आहे की ती औषध आहे हेच तिच्या डोक्यात राहिलं नव्हतं. पहिल्या तपासणीत तिने ती सांगितलीच नाही. घरातली सगळी औषधं पिशवीत भरून नेली म्हणून सापडली, आणि ती किती दिवस बंद ठेवायची हे डॉक्टरांना वेळेत ठरवता आलं. काढे, चूर्णं, स्वतःच्या मनाने घेतलेल्या गोळ्या, पूर्वी कशाची ॲलर्जी आली असेल तर तेही सांगायला हवं.

हात धुतलेत का, हे विचारणं सगळ्यांत अवघड. आईने त्यावर आपला मार्ग काढला. जखम बघायला कुणी आलं की म्हणायची, "मला जंतुसंसर्गाची फार भीती वाटते हो, तेवढे हात धुऊन घ्याल?" आठ दिवसांत एकानेही तोंड वाकडं केलं नाही.

घरी सोडताना नव्या गोळ्या जुन्यांशेजारी मांडल्या. दोन पाकिटांवर नावं वेगळी, आतलं औषध एकच! तिथेच विचारलं म्हणून दुप्पट मात्रा टळली.

दाखल करून घेताना कितीतरी कागदांवर आपल्या सह्या घेतात. रुग्णालयांनी त्यांच्यासोबत आणखी एक कागद आपल्या हातात द्यावा, ही विनंती. त्यावर मोठ्या अक्षरांत एवढंच असावं: शंका आली तर आम्हाला थांबवा, विचारा.

आपली,
एक वाचक