क्रोशाचे पहिले ब्लँकेट लहानच असावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडीची चाहूल लागली की शहरात क्रोशाचे वर्ग भरू लागतात आणि नवशिक्या थेट डबल बेडच्या ब्लँकेटला हात घालतात. मग अर्धवट विणलेले ते गाठोडे माळ्यावर जाते. दोष शिकणाऱ्यांचा नाही. वर्गात साखळी, मुका खांब, खांब असे टाके शिकवतात; माप काढणे आणि घरे मोजणे बहुधा राहूनच जाते.

पहिले ब्लँकेट ७५ बाय ९० सेंटिमीटरचे, एका रंगाचे आणि नुसत्या खांबांचे असावे. ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे मध्यापासून बाहेर विणत नेलेले सुटे चौकोन, दिसतात सोपे, पण या मापाला १५ सेंटिमीटरचे ३० चौकोन लागतात. प्रत्येकात चार रंग घेतले तर एका चौकोनाला आठ टोके, म्हणजे एकूण २४० टोके सुईने आत लपवायची, वर जोडकाम वेगळे. चौकोन हौसेने विणून होतात, जोडायचे राहतात.

आधी मध्यम जाडीच्या लोकरीचा एकच गुंडा आणि ४ मिलिमीटरची सुई घ्यावी. २४ खांबांचा, साधारण १३ ओळींचा नमुना विणून मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती खांब बसतात ते पट्टीने मोजावे. १६ बसले तर ठीक. १८ भरले तर हात घट्ट आहे. सुई साडेचारची करून नमुना पुन्हा विणावा. तो १५ बाय १५ सेंटिमीटरचा झाला की वजन करावे. ब्लँकेटात असे ३० नमुने मावतात. नमुना १२ ग्रॅमचा असेल तर ३६० ग्रॅम, त्यावर दहावा हिस्सा जादा धरून ३९६. म्हणजे ५० ग्रॅमचे आठ गुंडे. घरच्या काट्यावर इतके बारीक वजन कळत नसेल तर गुजरीत, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सराफ बाजारात, ओळखीच्या सराफाकडे जावे. सोन्याच्या काट्यावर लोकर पाहून तो हसेल, पण नाही म्हणणार नाही.

इचलकरंजी हाकेच्या अंतरावर म्हणून काही जण मागाचे सूत आणतात. ते फार बारीक असते. अनेक पदर एकत्र धरले तर सुई एखादा पदर सोडून पुढे जाते आणि कापडावर फासे लोंबत राहतात. त्या वाटेला नवशिक्यांनी जाऊ नये.

सुरुवातीच्या साखळ्या १२२ घालाव्यात, त्याही ५ मिलिमीटरच्या सुईने. पहिली साखळी घट्ट पडली तर खालची कड आखडते आणि ब्लँकेट वर पंख्यासारखे पसरते. नंतर नमुन्याला जमलेली सुई घेऊन, सुईपासून मोजून चौथ्या साखळीत पहिला खांब विणावा. सोडलेल्या तीन साखळ्यांचा एक खांब धरला की ओळीत १२० खांब होतात.

खरी गोम ओळीच्या टोकाला आहे. ओळ संपली की तीन साखळ्या घालून काम उलटवायचे. या तीन साखळ्या म्हणजेच नव्या ओळीचा पहिला खांब, म्हणून त्यांच्या पायथ्याचे घर सोडून पुढच्या घरात सुई घालायची. शेवटचा खांब मागच्या ओळीच्या तीन साखळ्यांच्या माथ्यावर बसवायचा. हा माथा वाकून मागे दडतो, त्यामुळे ओळ संपली असे वाटते. दर ओळीला तो एक खांब सुटत गेला तर ४० ओळींनंतर ८० खांब उरतात, आणि ७५ सेंटिमीटरची रुंदी ५० वर येते. उलट, पायथ्याच्या घरातही खांब घातला तर दर ओळीला एक वाढतो. कधी हे, कधी ते झाले की कड करवतीसारखी होते. उपाय साधा आहे: तिसरी साखळी घातली की तिच्यात लगेच सेफ्टी पिन अडकवावी आणि परत येताना तिथेच शेवटचा खांब घालावा. पहिल्या दहा ओळी तरी प्रत्येक वेळी १२० मोजावेत. चुकले तर उसवावे. क्रोशात सुईवर एकच फासा असतो, टाके गळायची भीती नाही.

खांब बरोबर असूनही रुंदी वाढत असेल तर सरावाने हात सैल पडला आहे. दर दहा ओळींनी टेप लावून पाहावी. नवा गुंडा ओळीच्या टोकालाच जोडावा, मध्ये गाठ मारू नये. दोन्ही टोके १५ सेंटिमीटर ठेवून बोथट सुईने उलटसुलट फिरवावीत. अॅक्रिलिकच्या म्हणजे कृत्रिम लोकरीला गरम इस्त्री लावू नये, वीण कायमची लुळी पडते. कोल्हापूरच्या थंडीला सुती ब्लँकेटही पुरते, पण ते भिजले की जड होते. दोरीवर टाकल्यास लांबते, म्हणून आडवे पसरून वाळवावे.

दुकानदारांना एक विनंती. गुंड्यावरचा कागद काढून लोकर विकू नये, आणि लॉट नंबर, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, बिलावर लिहावा. रंग तोच पण लॉट वेगळा असेल तर एकरंगी ब्लँकेटात मधूनच पट्टा उठतो, आणि तो धुऊनही जात नाही. न उघडलेले गुंडे परत घेण्याची सोय केली तर गिऱ्हाईक सगळी लोकर एकदम नेईल आणि दुकानदाराचाही लॉट फुटणार नाही.

— क्रोशाकाम करणारे काही वाचक, कोल्हापूर